जास्तीचा टन कोणाचा?

कोणत्याही ट्रकच्या बाजूला दोन आकडे रंगवलेले असतात. एक रिकाम्या गाडीच्या वजनाचा, दुसरा मालासकट गाडीचे वजन जास्तीत जास्त किती असावे याचा. ट्रकच्या मागच्या फळीवर काय लिहिले आहे ते आपण चवीने वाचतो. हे आकडे कोणी वाचत नाही. मोठ्या आकड्यातून लहान आकडा वजा केला की जे उरते त्याला वाहतुकीच्या धंद्यात ‘पासिंग’ म्हणतात. रस्ता किती वर्षे टिकेल, उतारावर ब्रेक लागेल की नाही, मनपाला डागडुजीवर किती खर्च करावा लागेल आणि नव्या घराच्या स्लॅबचा भाव काय येईल, या सगळ्या गोष्टी त्या एका वजाबाकीशी जाऊन भिडतात.

माझे म्हणणे थोडक्यात असे. पासिंगची मर्यादा रस्त्यावर मोडली जात नाही, ती माल भरताना मोडली जाते. आपला कायदा मात्र रस्त्यावर उभा राहून चालकाची वाट पाहतो. जिथे जास्तीचा टन गाडीत पडतो तिथे जोवर कोणी जबाबदार धरला जात नाही, तोवर दंड कितीही वाढवा, तो टन पडतच राहणार.

हा प्रश्न नागपुरात पाहायचा तर नंदनवनसारखी जागा नाही. पूर्व नागपुरातली ही वस्ती एका बाजूला ग्रेट नाग रोड आणि जगनाडे चौकाला लागून आहे, तर दुसरीकडे हसनबाग, वाठोडा, खरबी आणि दिघोरीकडे पसरत गेली आहे. उत्तरेला भंडारा रोड, दक्षिणेला उमरेड रोड आणि दोघांना जोडणारा रिंग रोड. म्हणजे शहरात येणाऱ्या जड मालाच्या दोन मोठ्या वाटांच्या बेचक्यात नंदनवन बसले आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातली रेती पवनी-भिवापूरकडून उमरेड रोडने येते आणि भंडाऱ्याकडूनही येते. पाचगावच्या बाजूने गिट्टी येते. कळमन्याच्या बाजारात धान्य, मिरची, संत्री येतात. शहराचा कचरा उलट दिशेने भांडेवाडीला जातो. खरबी-वाठोड्याच्या बाजूला जुन्या शेतांचे ले-आउट पडले, तिथे घरांवर घरे चढत आहेत, आणि प्रत्येक घरामागे रेती, गिट्टी, मुरूम, विटा, सिमेंट आणि लोखंड यांच्या खेपा आहेत. त्यामुळे ओव्हरलोड ट्रक ही इथे कुठल्या तरी दूरच्या महामार्गाची बातमी नाही. तो आपल्याच घराचा माल घेऊन आपल्याच गल्लीच्या तोंडाशी उभा असतो.

आधी वजनाचे शास्त्र पाहू, कारण ‘दोन टन इकडेतिकडे झाले तर काय बिघडते’ या समजुतीचे मूळ त्यातच आहे. रस्ता गाडीचे एकूण वजन मोजत नाही. एकेका एक्सलवर किती भार आहे हे त्याला कळते. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, ओटावा गावाजवळ, मुद्दाम बांधलेल्या वळणरस्त्यांवर ट्रक अखंड फिरवून एक मोठा प्रयोग झाला. त्यातून निघालेला ढोबळ नियम आजही जगभर वापरला जातो: एक्सलवरचा भार जितक्या पटीने वाढतो, त्याच्या चौथ्या घातांकाने रस्त्याची झीज वाढते. भार दुप्पट झाला तर झीज दुप्पट नव्हे, सोळा पट. मोटारीच्या एक्सलवर अर्धा टन आणि ट्रकच्या एक्सलवर दहा टन धरले, तर ट्रकचा एक एक्सल एकदा जाणे म्हणजे मोटारीचा एक्सल एक लाख साठ हजार वेळा जाणे. स्कूटर आणि मोटारी वाढल्या म्हणून रस्ता खचला असे आपण म्हणतो, पण या हिशेबात त्यांचा वाटा जवळजवळ शून्य आहे.

नागपूरला हा हिशेब आणखी एका कारणाने लागू पडतो. या शहराने डांबर सोडून सिमेंटच्या रस्त्यांवर मोठा पैसा लावला आहे. काँक्रीटचा स्वभाव वेगळा असतो. भारतीय रस्ते काँग्रेसची जी मानके या रस्त्यांच्या रचनेसाठी वापरतात, त्यांच्या मते चाकाखाली येणारा ताण काँक्रीटच्या वाकण्याच्या ताकदीच्या ४५ टक्क्यांच्या आत राहिला, तर त्यावरून कितीही फेऱ्या होऊ द्या, थकव्याने ते तडकत नाही. ताण त्यापलीकडे गेला की फेऱ्यांची संख्या मोजकी होते आणि पुढे झपाट्याने घटत जाते. म्हणजे मर्यादा पाळणाऱ्या हजारो गाड्या सिमेंटच्या रस्त्याचे फारसे काही बिघडवत नाहीत. मर्यादा मोडणाऱ्या थोड्या गाड्या त्याचे आयुष्य खातात. सिमेंटचा रस्ता ‘पन्नास वर्षे टिकेल’ म्हणणारा पुढारी आणि ‘पाच वर्षांतच भेगा पडल्या’ म्हणणारा रहिवासी, दोघेही खरे बोलत असू शकतात. मधले उत्तर रात्री गेलेल्या टिपरांकडे आहे.

रस्त्याचे सोडा, गाडीचेही तसेच आहे. ब्रेक, टायर, पाटे आणि चेसिस एका ठरावीक वजनासाठी घडवलेले असतात. ब्रेक गाडीची गतिज ऊर्जा उष्णतेत बदलतो. वजन दीडपट झाले की तेवढ्याच वेगाला दीडपट उष्णता त्याच ड्रमांना झेलावी लागते. ड्रम तापला की पकड सुटत जाते. टायर जास्त दबला की त्याच्या भिंती प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकतात आणि आतून तापतात. खालून मे महिन्यातला नागपूरचा रस्ता असतो. मग ‘टायर फुटला’ ही बातमी नशिबाच्या खात्यात जमा होते. खरे तर तो टायर रेतीच्या घाटावर माल भरतानाच अर्धा फुटलेला असतो.

ओढून नेण्याची गत आणखी नाजूक आहे. विटा आणि मुरूम आणणारे ट्रॅक्टर दोन चाकी ट्रॉली ओढतात. ट्रॉलीत माल पुढे जास्त झाला की ट्रॅक्टरच्या हुकावर दाब येऊन त्याची पुढची चाके हलकी होतात, स्टिअरिंग नुसते फिरते. माल मागे जास्त झाला की हुक वर उचलला जातो आणि मागच्या मोठ्या चाकांची पकड जाते. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. त्यामुळे थांबताना ट्रॉली थांबत नाही, ती ट्रॅक्टरला ढकलते. ट्रॅक्टर किती ओढू शकतो हे सगळे सांगतात. तो किती थांबवू शकतो हा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि खरी मर्यादा तीच आहे.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. जास्तीचा टन येतो कुठून? रेतीचे उदाहरण घ्या. रेती टनावर विकली जात नाही, ब्रासवर विकली जाते. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. घाटाचा लिलाव, रॉयल्टी, वाहतुकीचा पास, बिल्डरचे बिल, सगळे ब्रासमध्ये चालते. मोटार वाहन कायदा मात्र किलो आणि टन यांतच बोलतो. एक ब्रास कोरडी रेती साधारण साडेचार टन भरते, आणि नदीतून नुकती काढलेली, पाणी गळणारी रेती त्याहून जड. दहा चाकी टिपरला मालासकट साडेअठ्ठावीस टनांची परवानगी आहे. रिकामी गाडी साडेदहा टनांची धरली तर माल उरतो अठरा टन, म्हणजे चार ब्रास. फाळके चढवून त्यात सहा ब्रास भरली की माल सत्तावीस टन आणि गाडी साडेसदतीस टन होते. पुढच्या एक्सलवर साडेसात टन राहिले असे मानू. मग मागच्या जोड-एक्सलवर एकवीसऐवजी तीस टन येतात. चौथ्या घातांकाने मोजा: त्या एका खेपेत मागच्या चाकांनी केलेली झीज चौपटीहून थोडी जास्त.

यावर धंद्यातले लोक एक वाजवी मुद्दा मांडतात. जास्त भरले तर खेपा कमी होतात, मग झीजही कमी नाही का? गणित करू. सहा ब्रासच्या एका खेपेऐवजी चार ब्रासच्या दीड खेपा लागल्या असत्या. झीज दीडपट झाली असती, झाली चौपटीहून जास्त. म्हणजे तेवढीच रेती पोचवायला रस्त्याची पावणेतीन पट किंमत मोजली गेली. डिझेल वाचले ते मालकाचे, रस्ता गेला तो सगळ्यांचा.

कोळशाचे चित्र वेगळे आहे. वेस्टर्न कोलफिल्ड्‌सचे मुख्यालय नागपुरातच आहे, उमरेडला तिच्या खाणी आहेत, कोराडी आणि खापरखेड्याची वीज केंद्रे शहराच्या उत्तरेला आहेत. कोळसा टनावर विकला जातो, म्हणून तो काट्यावरून गेल्याशिवाय त्याचा व्यवहारच पुरा होत नाही. भरलेल्या गाडीचे वजन पावतीवर छापलेले असते. म्हणजे वजन करणे अवघड आहे म्हणून रेतीचे वजन होत नाही, असे नाही. ज्या मालात वजनावर पैसे आहेत त्याचे वजन होते. ज्यात नाहीत त्याचे होत नाही. काटा कायद्यामागे जात नाही, तो बिलामागे जातो. हे एकदा लक्षात आले की उपाय कुठे शोधायचा तेही कळते.

पण ट्रकमालकच लबाड आहेत असे म्हणून सुटका नाही. भाडे टनावर किंवा ब्रासवर ठरते. चालकाचा पगार, विमा, हप्ता आणि टोल एका खेपेला ठरलेले असतात. डिझेल थोडेच वाढते. म्हणून पासिंगपर्यंतचा माल खर्च भागवतो आणि पासिंगवरचा माल नफा देतो. एकाने जास्त भरले की त्याला भाव कमी करणे परवडते. त्या भावाशी टिकायला दुसरा जास्त भरतो. थोड्याच दिवसांत बाजारभाव असा बसतो की नियमाने भरणाऱ्याची खेप तोट्यात जाते. नियम पाळायची इच्छा असलेल्या मालकालाही मग पर्याय राहत नाही. ओव्हरलोडचा फायदाही शेवटी त्याच्या हाती उरत नाही. तो स्वस्त भाड्याच्या रूपाने माल घेणाऱ्याकडे, म्हणजे बिल्डरकडे आणि घर बांधणाऱ्याकडे सरकतो. नंदनवनमधल्या कित्येक स्लॅबांच्या किमतीतला काही भाग नंदनवनच्याच रस्त्यांनी भरला आहे.

कायदा काय म्हणतो ते आता पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ११३ नोंदणी प्रमाणपत्रातल्या वजनापेक्षा जास्त वजनाची गाडी चालवायला मनाई करते. कलम ११४ अधिकाऱ्याला संशय आला तर गाडी काट्यावर नेण्याचा आदेश देण्याचा अधिकार देते, पण काटा पुढच्या वाटेवर दहा किलोमीटरच्या किंवा मुक्कामापासून वीस किलोमीटरच्या आत असावा लागतो. वजन जास्त निघाले तर जास्तीचा माल उतरवण्याचा आदेश कोणाला? चालकाला, त्याच्या जोखमीवर. कलम १९४ चा दंड २०१९ च्या दुरुस्तीने दोन हजारांवरून वीस हजारांवर आणि वरच्या प्रत्येक टनाला एक हजारावरून दोन हजारांवर गेला. आपल्या साडेसदतीस टनी टिपरला हा दंड अडतीस हजार होतो. गाडी थांबवायला किंवा वजनाला नेण्यास नकार दिला तर चाळीस हजार. चालक मालक नसेल, तर गुन्हा मालकाच्या माहितीने किंवा हुकमाने झाला असे न्यायालयाला गृहीत धरता येते.

म्हणजे कायदा चालकापासून एक पायरी वर चढतो, मालकापर्यंत जातो, आणि व्यवहारात तिथेच थांबतो. ज्याने पोकलेन लावून सहा ब्रास ओतली आणि ज्याने सहा ब्रासची ऑर्डर दिली, ते दोघे चित्रात नसतात. वास्तविक कलम १९४ ची भाषा अपुरी नाही. जो अशी गाडी चालवतो, चालवायला लावतो किंवा चालू देतो, तो दोषी, असे त्यात म्हटले आहे. चालवायला लावणारा म्हणजे कोण, हे आपण कधी नीट विचारले नाही. रस्त्याने मालवाहतूक करणाऱ्यांसाठी २००७ मध्ये झालेला कायदाही व्यावसायिक वाहकाला नोंदणीतल्या वजनापलीकडे माल भरू नये असे बजावतो. शब्द आहेत; ते चुकीच्या ठिकाणी उभे राहून वाचले जातात.

दंडाचा दर मोठा आणि पकडले जाण्याची शक्यता लहान असली की काय होते ते सांगायला नको. दंड कर होतो, आणि कर हप्ता होतो. काही राज्ये तर याला उघड रूप देऊन ठरावीक रक्कम भरा आणि जास्त वजन न्या अशी कार्डे देत होती. २००५ मध्ये परमजित भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे चालणार नाही असे स्पष्ट केले: तडजोडीचे पैसे भरले म्हणून जास्तीचा माल तसाच पुढे नेता येत नाही, तो उतरलाच पाहिजे. तत्त्व स्वच्छ आहे. पण रात्री दोन वाजता दिघोरी चौकात नऊ टन रेती उतरवायची कुठे, राखायची कोणी आणि सकाळी न्यायची कशाने? रस्त्यावरच्या अंमलबजावणीचा हा मूळ अडथळा आहे. तिथे नियम पाळणेही नव्या अडचणीला जन्म देते.

ओझ्याला मर्यादा घालण्याचा हा आपला पहिला प्रयोग नाही. याआधीचे तीन प्रयोग आपल्यासमोर आहेत, आणि त्यांतून शिकण्यासारखे बरेच आहे.

पहिला प्रयोग बैलाचा. १९६५ मध्ये केंद्राने ओढकाम आणि ओझेकाम करणाऱ्या जनावरांसाठी नियम केले. रबरी चाके नसलेल्या दोन चाकी गाडीला लहान बैलासाठी ५०० किलो, मोठ्यासाठी ९०० किलो. बॉल बेअरिंग असेल तर अधिक, मोठा चढ असेल तर निम्मे. दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, आणि पारा ३७ अंशांवर गेला तर दुपारी बारा ते तीन जुंपायचे नाही. काय सुंदर नियम आहेत! वाट, चाक, चढ, ऊन, सगळ्याचा विचार आहे. ट्रकच्या पासिंगला आजही उन्हाची अट नाही. पण नागपूरचा उन्हाळा ज्याने पाहिला आहे त्याला या नियमांचे पुढे काय झाले हे ठाऊक आहे. अंमलबजावणी रस्त्यावरच्या शिपायावर सोडली होती, आणि बैलाला तक्रार करता येत नव्हती. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण त्याचे खांदे शेकले. जू मात्र हलके झाले नाही.

दुसरा प्रयोग माणसाचा. एके काळी बाजारातले पोते शंभर किलोचे असे. इतवारीत, कळमन्यात, पुण्याच्या भुसार बाजारात हमाल ते पाठीवर घेऊन फळीवरून चढत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये माणसाने वाहायच्या कमाल वजनाविषयी करार केला आणि सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोचा आकडा दिला. महाराष्ट्रात १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. बाबा आढावांसारख्यांच्या हमाल संघटनांनी जड पोत्याविरुद्ध आवाज उठवला. आज धान्य-साखर-सिमेंटच्या बाजारात पन्नास किलोची गोणी सर्वसाधारण झाली आहे. हा प्रयोग कशाने यशस्वी झाला? शंभर किलो उचलणाऱ्या हमालाला कोणी दंड केला नाही. ‘तुझी पाठ तू सांभाळ’ असा फलकही लावला नाही. पोतेच लहान केले. मर्यादा पाठीवरून काढून भरण्याच्या जागी नेली, आणि मग ती पाळण्यासाठी कोणाला रोज धीट व्हावे लागले नाही.

तिसरा प्रयोग रेल्वेचा. प्रत्येक मालडब्याची वहनक्षमता त्याच्यावर लिहिलेली असते. १९८९ च्या रेल्वे कायद्याचे कलम ७३ असे सांगते की त्या क्षमतेपलीकडे माल भरला तर दंडात्मक आकार माल पाठवणाऱ्याकडून किंवा माल घेणाऱ्याकडून वसूल करता येईल. इंजिनचालकाला कोणी डबा जड का म्हणून विचारत नाही, कारण डबा त्याने भरलेला नसतो. अजनीच्या यार्डात जे सहज समजते, तेच जगनाडे चौकात आल्यावर आपल्याला समजेनासे होते.

तीन प्रयोगांतून एकच निष्कर्ष निघतो. ओझ्याची मर्यादा वाहणाऱ्यावर सोपवली की ती कागदावर राहते, भरणाऱ्यावर सोपवली की ती पाळली जाते. ट्रकचा कायदा आज बैलाच्या वाटेने चालला आहे. तो पोत्याच्या आणि मालडब्याच्या वाटेला लावायला हवा. ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक राज्यांत २०१४ पासून लागू असलेला अवजड वाहनांचा कायदा याच तत्त्वावर उभा आहे. माल पाठवणारा, भरणारा, वेळापत्रक आखणारा आणि घेणारा, अशी जबाबदारीची साखळीच तिथे कायद्याने बांधली आहे.

यावर तीन आक्षेप येतात आणि तिन्ही दखल घेण्याजोगे आहेत.

पहिला असा की मर्यादाच जुनाट आहे. गाड्या आता दणकट आहेत, मर्यादा वाढवा. ती वाढवलीही आहे. जुलै २०१८ मध्ये केंद्राने दोन एक्सलच्या ट्रकचे एकूण वजन १६.२ वरून १८.५ टन केले, तीन एक्सलच्या गाडीचे २५ वरून २८.५, आणि सर्वांत मोठ्या ट्रेलरचे ४९ वरून ५५. चार चाकांच्या एका एक्सलची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन झाली. चौथ्या घातांकाने पाहिले तर त्या एक्सलच्या प्रत्येक फेरीमागे रस्त्याची झीज सुमारे ६२ टक्क्यांनी वाढली. अपेक्षा अशी होती की कायदेशीर क्षमता वाढली की बेकायदा भरणे कमी होईल. प्रत्यक्षात भाड्याचा बाजार नव्या मर्यादेपाशी पुन्हा बसला आणि जास्तीचा टन तिच्या वर जाऊन बसला. गाडी दणकट असते हे खरे, पण ती दणकटपणाची शिल्लक खड्डा, अचानक ब्रेक आणि झिजलेला पाटा यांच्यासाठी राखून ठेवलेली असते. तीच रोज खर्च केली तर खड्ड्याच्या वेळी हाती काय उरणार?

दुसरा आक्षेप तंत्रज्ञानाचा. टोल नाक्यांवर चालत्या गाडीचे वजन करणारे काटे आहेत, मग काळजी कशाची? ते उपयोगी आहेत, यात वाद नाही. पण रेतीचा टिपर घाटातून निघतो तो ग्रामसडकेवरून. तो रस्ता बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि एसटीची एखादी फेरी यांच्यासाठी बांधलेला असतो. तिथून तो तालुक्याच्या रस्त्याला लागतो आणि टोल चुकवून शहरात शिरतो. जो रस्ता सर्वांत दुबळा, तिथे काटा नाही. शिवाय यंत्राने वजन पकडले तरी नोटीस कोणाला जाते हा प्रश्न उरतोच. राजस्थानात खाण खात्याच्या ई-रवन्ना पावत्यांवरून परिवहन खात्याने ओव्हरलोडची चलने काढली. पावतीत वजन होते, गाडीचा क्रमांक होता, पुरावा पक्का होता. पण चलन गाडीमालकाच्या नावावर चढत गेले, माल भरून गेल्यानंतर. थकबाकी साचली आणि मग सवलतीच्या योजना आणाव्या लागल्या. वजन कळूनही वेळ आणि माणूस चुकला.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे: पासिंगप्रमाणे माल भरला तर रेती-गिट्टी महागेल आणि त्याचा भार गरीब घर बांधणाऱ्यावर पडेल. पडेल. पण तो भार आजही आहे, फक्त बिलात दिसत नाही. तो मालमत्ता कराच्या पावतीत आहे, खचलेल्या रस्त्यावरच्या रिक्षाच्या पाट्यात आहे, टायर फुटून उलटलेल्या टिपरखाली आहे. शिवाय आज तो त्याच्यावरही पडतो ज्याने एक घमेलेही रेती घेतलेली नाही. खर्च ज्याचा त्याच्या बिलात येणे यात अन्याय कसला? स्वस्त घराला मदत करायची तर सरकारने ती उघडपणे अनुदान म्हणून करावी, रस्त्याच्या पोटातून चोरून नव्हे.

मग करायचे काय? अवघड काही नाही. प्रत्येक गाडीचे नोंदणीतले वजन परिवहन खात्याच्या ‘वाहन’ प्रणालीत आहे. गौण खनिजाचा वाहतूक पास महाराष्ट्रात ‘महाखनिज’ प्रणालीतून निघतो आणि त्यावर गाडीचा क्रमांक असतो. क्रमांकावरून पासिंग कळते, पासिंगवरून ब्रास कळते, तर त्यापेक्षा जास्त ब्रासचा पास निघताच कामा नये. प्रत्यक्षात चारचा पास काढून सहा भरली, तर ती दोन ब्रास रॉयल्टी बुडवलेली रेती ठरते. मग प्रश्न परिवहन खात्याचा राहत नाही, तो घाटधारकाचा आणि महसूल खात्याचा होतो, आणि घाटधारकाला गमावण्यासारखा ठेका असतो. घाटावर, क्रशरवर आणि खाणीच्या फाटकावर काटा सक्तीचा करावा आणि जास्त वजनाची पावती निघाली तर पहिली नोटीस भरणाऱ्याला जावी. रेतीचा व्यवहार ब्रासऐवजी टनावर आणला तर काटा आपोआप व्यवहाराचा भाग होईल, कोळशात झाला तसा. आणि सरकारी कामांच्या निविदांत ठेकेदाराने मालाच्या प्रत्येक खेपेची वजनपावती जोडल्याशिवाय बिल निघू नये. कारण मनपाचा रस्ता बांधायला आलेल्या गिट्टीनेच मनपाचा जुना रस्ता फोडावा, यापेक्षा मोठा विनोद नाही.

हे सगळे सरकारने करायचे म्हणून आपण मोकळे होत नाही. घर बांधणारा माणूसही माल घेणारा आहे, म्हणजे या साखळीतला शेवटचा दुवा. ‘एका खेपेत उरकून टाका’ हे वाक्य आपलेच असते. सिमेंटच्या पंधरा गोण्या म्हणजे साडेसातशे किलो. ‘छोटा हत्ती’ म्हणतात त्या लहान मालगाडीची क्षमता साधारण तेवढीच. आपण पंचवीस चढवायला सांगतो आणि दोनशे रुपये वाचवतो. तेव्हा कायद्याच्या भाषेत गाडी चालवायला लावणारे आपणच असतो. खेपा वाढवून भाडे देण्याची तयारी आणि पावतीवर ब्रासबरोबर वजनाची मागणी, एवढे जरी नंदनवनच्या घरमालकांनी आणि बिल्डरांनी केले, तरी नियमाने भरणाऱ्या ट्रकमालकाला बाजारात उभे राहायला जागा मिळेल. आज ती जागा त्याला कायदाही देत नाही आणि ग्राहकही देत नाही.

जास्तीचा टन चालकाचा नसतो. त्याला त्यातले फार तर जागरण आणि जोखीम मिळते. तो टन ज्याने ओतला, ज्याने मागवला आणि ज्याने त्याच्यामुळे भाव पाडून घेतला, त्यांचा असतो. दंडाची पावती त्यांच्या नावाने निघू लागेल त्या दिवशी ट्रकच्या बाजूला रंगवलेला आकडा भरणारा आधी वाचेल, आणि चौकात उभ्या शिपायाला तो वाचायची गरज उरणार नाही.